तहकूब सभा

नाही म्हणायच्या गावोगावच्या तऱ्हा वेगळ्या असतात. कुठे शिवीगाळ होते, कुठे लोक कोर्टाची पायरी चढतात. पनवेलहून उरणला जाताना खाडीच्या अलीकडे धाकटीखार म्हणून बेचाळीस उंबऱ्यांचं गाव आहे, तिथे नाही म्हणायचं असलं की लोक घरी बसतात. ज्याचं पटलं नाही त्याच्या मांडवात जायचं नाही, बस. भांडण नाही, तोंड वाजवणं नाही. मांडलेली पानं तशीच राहतात आणि ज्याने समजायचं तो समजतो.

वेणूची सासू असताना असं एकदा झालं होतं. मीठ उचलणारा व्यापारी शेजारच्या गावचा, जातीतलाच, पण मापात मारायचा. त्याचं घराणंच पिढ्यान्‌पिढ्या मारत आलं होतं. शेवटी त्याच्या मुलीचं लग्न निघालं. वेणूची सासू म्हणजे या भागातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते. तिच्या तोंडून देवांची नावं निघाल्याशिवाय हळद लागत नाही. सासूने व्यापाऱ्याला निरोप धाडला, माझा गळा बसलाय. गळा बसला म्हटल्यावर बाकीच्या एकेचाळीस घरांना काय ते कळलं. पाचशे माणसांचं जेवण टोपांत राहिलं. तिसऱ्या दिवशी व्यापारी पायी गावात आला, डोक्यावरची टोपी हातात धरून, आणि बरोबर नवं माप घेऊन.

सासू गेली तसे धवले वेणूकडे आले. मान आला, दर लग्नामागे एक साडी आली, आणि न जाण्याची ही ताकदही आली. पंचवीस वर्षं तिने ती कधी वापरली नव्हती. वेळ आली ती अमेरिकेत बँका बुडाल्या त्याच्या पुढच्या जानेवारीत.

जानेवारी म्हणजे मिठागरावर पाठ मोडायचे दिवस. वाफ्यात पाणी आटून पहिलं मीठ धरायला लागलेलं असतं. वेणूचा नवरा भगवान गुडघ्याखालपर्यंत खाऱ्या पाण्यात उभा राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढायचा आणि वेणू ते पाटीत भरून बांधावरच्या ढिगावर नेऊन ओतायची. दिवसाला दीडशे खेपा तरी होत. दोघांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेले असत, तरी पाणी आत शिरायचंच. टाचेच्या भेगेत खारं पाणी गेलं की आधी आग होते, मग पाय बधिर होतो, आणि बधिर झाला की काम सरतं. वेणूला सकाळचा पहिला तास नको व्हायचा. त्यानंतर पाय तिचे राहत नसत.

"पंचायतीचा शिपाय येऊन गेला," भगवान फळी ओढता ओढता म्हणाला.

"काय बोल्ला?"

"सव्वीस जानवारीला काशिरामची सभा हाय. झेंडा झायला का लगीच. रस्त्याचा इषय हाय त्यात."

वेणूने पाटी खाली ठेवली. रस्त्याचं ती दिवाळीपासून ऐकत होती. पलीकडच्या जमिनीवर कुठलीशी कंपनी कंटेनर रचून ठेवायचं आवार करणार होती. तिथे गाड्या न्यायच्या तर मधला चर बुजवून रस्ता करायला हवा. आणि त्या चरातूनच खाडीचं पाणी मिठागरात यायचं. अवसेपुनवेच्या उधाणाला बांधातल्या उघाडीचं दार वर केलं की पाणी आत घ्यायचं, दार पाडलं की पंधरा दिवसांची बेगमी. चर गावाच्या मालकीचा, म्हणून कंपनीला गावाची ना हरकत पाहिजे होती. चर गेला की मिठागर म्हणजे नुसती चिखलाची जागा.

"खालून पाईप टाकू बोलतात," भगवान म्हणाला.

"पाईपातून उधान येतं काय? उधानाला काय नळाचं पानी समजतात?"

भगवानने फळी पुन्हा ओढायला घेतली. वेणूने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

संध्याकाळी ती चहापत्ती आणायला एसटीच्या थांब्यावरच्या मुश्ताकच्या दुकानात गेली तर तिथे हाच विषय. मुश्ताक कुवेतला अकरा वर्षं काढून आलेला, म्हणून जगात कुठेही काही झालं की गाव त्याच्या दुकानाशी जमायचं. भगवान आधीच येऊन बाकड्यावर बसला होता.

"मुश्ताकभाय, अमेरिका बुडली म्हंजे जहाजा येनार नाय ना आता?"

"अल्ला जाने, भगवानशेठ. मी कुवेतला हॉटेलच्या भटारखान्यात होतो. कांदे कापले अकरा साल. कुवेतच धड बघितलं नाही, अमेरिकेचं काय सांगू?"

"आरं पन बाजूलाच ना अमेरिका कुवेतच्या? लढाईला आयली होती ती."

"ती विमानानं आली होती," मुश्ताक म्हणाला. "बाजूला असती तर चालत नसती आली?"

हे सगळ्यांना पटलं. मग कुणी म्हणालं, अमेरिका बुडाली म्हणजे कंटेनर बंद, कंटेनर बंद म्हणजे रस्ता कशाला लागतोय. कुणी म्हणालं, रस्त्याची परवानगी आमदार देतो. दुसरा म्हणाला, आमदार नाही, कलेक्टर. तिसऱ्याच्या मते दिल्लीहून कागद आल्याशिवाय खाडीला हातच लावता येत नाही, कारण समुद्र हा दिल्लीचा. "सरकार म्हंजे ज्याच्या गाडीवर लाल दिवा हाय तो," भगवानने शेवटी सांगून टाकलं. एवढ्या गप्पा झाल्या, पण हे आपल्याला विचारतायत, ग्रामसभा म्हणजे आपणच, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. निघणार कसं? त्या सभेला सगळे काशिरामची सभा म्हणायचे. काशिराम सरपंच, त्याची सभा. जसं काशिरामचं लग्न, काशिरामची पूजा.

आणि काशिरामची सभा म्हटल्यावर वेणूला वाट दिसली.

"कोनी जायाचं नाय," ती म्हणाली. दुकानातली माणसं तिच्याकडे वळली. "त्याला आपला होकार पायजे ना? त्याच्या दारात पाय ठेवायचा नाय. बसू दे एकटा."

पुढच्या दोन संध्याकाळी ती घरोघर फिरली. काशिरामचं आणि त्याच्या दोन भावांचं घर सोडून एकोणचाळीस घरं. पाय सुजलेले, अंगावर मिठाचा पांढरा थर तसाच. कुठे चहा झाला, कुठे उभ्याउभ्याच बोलणं झालं. म्हाताऱ्या कृष्णाबाईने तेवढं विचारलं, "न जाऊन थांबंल ना गो?" कृष्णाबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा नव्हता, होते ते मिठागराचे चार वाफे.

"काकी, सासूबायच्या टायमाला थांबला का नाय तो मापवाला?"

"तो थांबला खरा," कृष्णाबाई म्हणाली, आणि तिने मान डोलावली.

सव्वीस जानेवारीला अवस होती. दुपारी बाराच्या पुढे उधाण लागणार होतं. सकाळी शाळेपुढे सगळं गाव आलं, कारण झेंडा हा काशिरामचा नव्हता. झेंडा चढला, मुलांनी गाणं म्हटलं, जिलेबी वाटली. मग ग्रामसेवक माईकवर आले. उदयसिंह त्यांचं नाव, साताऱ्याकडचे, या गावात येऊन दोन वर्षं झालेली. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणत. "आता सर्वांनी ग्रामसभेसाठी समाजमंदिरात बसून घ्यावं," ते म्हणाले.

वेणूने पदर खोचला आणि पाठ फिरवली. तिच्यामागे बायका, बायकांमागे पुरुष. पाच मिनिटांत शाळेचं पटांगण रिकामं झालं. समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या, त्यांवर काशिरामची माणसं तेवढी. वेणूने जाता जाता वळून बघितलं. काशिराम दारात उभा राहून हसत होता. लाजून हसतोय मेला, तिला वाटलं. तिला आतून गरम गरम वाटलं. पंचवीस वर्षांत लग्नाच्या मांडवातही असं कधी वाटलं नव्हतं.

सगळे तिथून थेट उघाडीवर गेले. उधाण चढत होतं. भगवानने आणि आणखी दोघांनी मिळून दार वर ओढलं आणि पाणी चरातून फेस काढत मिठागरात शिरलं. बायका बांधावर बसून हसत होत्या. कुणीतरी वेणूला धवला म्हणायला लावला, आणि तिने म्हटलासुद्धा.

तेवढ्यात बांधावरून भाऊसाहेब येताना दिसले. बूट चिखलात रुतत होते. त्यांनी वेणूला बायकांपासून जरा बाजूला घेतलं.

"वेणूताई, सभा तहकूब केली. माणसंच नाहीत, तर कशी घेणार? किमान पस्तीस तरी लागतात."

"कराची ना तहकूब," वेणू म्हणाली.

"मंगळवारी परत आहे. तीन तारखेला, अकरा वाजता. ताई, त्या दिवशी मात्र या. तहकूब सभेला माणसं कमी असली तरी चालतात. मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका."

ते एवढं बोलून आले तसे परत गेले. वेणू त्यांच्या बुटांच्या खुणा बघत राहिली. भगवान दार पाडून आला.

"काय बोल्ला भाऊसाहेब?"

"बोलवाला आयलता. मंगलवारी या बोल्ला, कमी आयलात तरी चालंल."

"मंग?"

"मंग काय? तो मापवालासुदा दुसऱ्या दिशी हेच बोल्ला होता. सगली नका येऊ, चार जना तरी या, मानाला. घासाघीस चाललीय. आता ढिला पडाचा नाय."

आणि तिने पुन्हा घरोघर निरोप दिला. या खेपेला कुणी काही विचारलं नाही. पहिल्यांदा जमलं होतं, दुसऱ्यांदा जमायलाच हवं. ज्या माणसाने तिला खरी वाट दाखवली, त्याचाच डाव समजून तिने गावाला दार लावून घ्यायला सांगितलं. आता ते आठवलं की तिला अन्न गोड लागत नाही.

मंगळवारी सगळं गाव मिठागरावर होतं. अकराच्या सुमारास समाजमंदिरातून माईकचा आवाज आला, काहीतरी वाचून दाखवल्यासारखा. वेणूने सहा खेपा टाकल्या तेवढ्यात तो थांबला. थोड्या वेळाने काशिरामचा पुतण्या हॉटेलातून अकरा कप चहा घेऊन गेला असं कुणीतरी सांगितलं. "अकरा?" बायका हसल्या. "अकरा मानसांची सभा!" वेणूही हसली आणि तिने पाटी उचलली.

होळी झाली आणि तिसऱ्या दिवशी डंपर आले.

पहिले दोन आले तेव्हा लोकांना वाटलं रस्ता चुकले. मग सहा आले. लाल मुरूम चराच्या तोंडाशी पडायला लागला. भगवान फळी टाकून धावला, मागून वेणू. डंपरवाला बिहारकडचा, त्याला यांचं बोलणं कळेना. बरोबरच्या मुकादमाने खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्यावर शिक्का होता. शिक्का बघून भगवान दोन पावलं मागे सरला. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का म्हणजे काय ते येत होतं.

"गावाचीच ना हरकत आहे," मुकादम म्हणाला. "तुम्हीच दिलीय. आता आडवे कशाला येताय?"

काशिरामच्या घराला कुलूप होतं. भाऊसाहेब रजेवर होते. लोक दिवसभर बांधावर बसून मुरूम पडताना बघत राहिले, संध्याकाळी उठून घरी गेले. आठ दिवसांत चर बुजला. खाली पाईप टाकला, दीड हाताच्या घेराचा, पण टाकणाऱ्याने तो उन्हाळ्यातली ओहोटी बघून टाकलेला नव्हता की उधाण बघून नव्हता. हाताला आला तिथे टाकला होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी अवस आली. सगळं गाव उघाडीवर जमलं. खाडीत पाणी चढलं, रस्त्याच्या पलीकडे तटलं, पाईपाच्या तोंडाला लागलं, आणि अलीकडे पिंढरीएवढी धार आली. भगवानने दार वर करून धरलं होतं. धरून धरून त्याचे हात भरून आले तरी तो सोडेना. पाणी उतरायला लागलं तेव्हा त्याने दार हळू खाली सोडलं आणि तिथेच उकिडवा बसला.

"पानी नाय आयला," तो म्हणाला. जणू कुणाला दिसलं नव्हतं.

कृष्णाबाई वेणूकडे बघत होती. ते वेणूला सोसेना.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेणू पनवेलला गेली. एकोणचाळीस घरांच्या सह्या-अंगठे घेतलेला कागद मुश्ताकने लिहून दिला होता. लग्नाला नेसायची साडी तिने काढली. एसटीतून उतरल्यावर कुठलं ऑफिस ते तिला ठाऊक नव्हतं. एकाने तहसीलला पाठवलं, तिथून दुसरीकडे, तिथे जेवणाची सुट्टी झाली. एका शिपायाने तिला बाकावरून उठवलं, बाक साहेबांच्या पाहुण्यांसाठी होता. ती भिंतीला टेकून खाली बसली. साडीच्या काठाला धूळ लागली ती झटकत राहिली. तीन वाजता एका टेबलाशी बसलेल्या चष्म्याच्या बाईने तिला बोलावलं.

बाई बरी होती. तिने कागद वाचला, मग उठून कपाटातून एक फाईल काढली आणि पानं चाळली.

"ही नक्कल आहे तुमच्या सभेची. वाचू का, मावशी?"

"वाचा."

"दिनांक तीन फेब्रुवारी, तहकूब ग्रामसभा. तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता नसल्याने कामकाज सुरू करण्यात आले. उपस्थिती अकरा. विषय क्रमांक चार, रस्त्यासाठी ना हरकत. चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर. उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे पहिल्या सभेला माणसं नसली तर ती पुढे ढकलतात. पुढच्या सभेला मग कितीही माणसं चालतात. त्या अकरांनी ठरवलं ते गावाने ठरवलं."

वेणू उभीच होती. तिने टेबलाची कड धरली.

"बाय, आमी एकोनचालीस घरां गेलो नाय. मुद्दाम नाय गेलो. दोनदा नाय गेलो. त्याचा काय लिवलाय?"

बाईने पान उलटलं, परत मागचं पान बघितलं. तिला खरंच शोधायचं होतं.

"न आलेल्यांचं काही लिहीत नाहीत, मावशी," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "तुमच्यातली चाळीस माणसं येऊन 'नाही' म्हणाली असती ना, तर हा ठराव झालाच नसता. अगदी बारा आली असती तरी."

तिने अर्जावर शिक्का मारून पोच दिली. वर पाठवते म्हणाली, पण काम सुरू झालंय, फार आशा धरू नका असंही म्हणाली. वेणू बाहेर आली. स्टँडवर ती पाणी प्यायली, ते तोंडात खारट लागलं. बारा. तिच्या एका ओट्यावर बारा बायका बसतात.

गावाला सांगायचं तर होतंच. तिने मुश्ताकच्या दुकानाशी उभं राहून सांगितलं, काही न लपवता. भाऊसाहेब उघाडीवर येऊन सांगून गेले होते, ते मी उलटं समजले, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, भगवानशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पण तिला ते पोटात ठेवता आलं नाही.

"ही कसली रीत?" एक जण शेवटी म्हणाला. "मानूस येत नाय म्हंजे त्याला नको हाय, शेंबड्या पोराला पन कलतं. सरकारला कलत नाय?"

"माझीच चूक," मुश्ताक म्हणाला. "मी पेपर विकतो. एकदा वाचला असता तर?" पण पेपरात ते कुठे असतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

चैत्राचे दिवस मिठाशिवाय गेले. बांधावर जुना ढीग होता तो गेला, नवीन झाला नाही. वाफ्यांची जमीन तडकली. गावातले निम्मे लोक रस्त्याच्या कामावर मजुरीला लागले, ज्या रस्त्याने त्यांचं पाणी खाल्लं त्याच्यावर खडी पसरायला. भगवानही गेला. पाय कोरडे राहिल्याने त्याच्या भेगा भरून यायला लागल्या होत्या, आणि रात्री तो त्या बोटाने चाचपून बघायचा. कुणी वेणूला तोंडावर बोललं नाही. पाटीलवाडीतल्या लग्नाला मात्र धवले म्हणायला दुसऱ्या गावची बाई आली. वेणूला निरोप नव्हता. त्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एक मेला पुन्हा सभा होती. शिपाई दवंडी देऊन गेला. वेणू आदल्या दिवशी घरोघर गेली.

"या गो. बसा नुसत्या."

"आता बसून चर उघडनार हाय का?" लोक म्हणत. काही नुसते हसत. कृष्णाबाईने दार अर्धंच उघडलं.

"तवा तूच बोल्लीस जाऊ नका. आता तूच बोलतेस चला. तुझा कंचा खरा धरायचा?"

"आताचा," वेणू म्हणाली. "तवाचा खोटा होता, काकी. माझी अक्कल तेवडीच होती."

कृष्णाबाईने दार लावून घेतलं.

एक मेला वेणू एकटी समाजमंदिरात जाऊन बसली. माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, आठ तारखेला ठेवली. आठ तारखेला ती पुन्हा गेली. अंगात ताप होता. सतरंजीवर काशिराम, त्याचे दोघे भाऊ, दोन सदस्य, कोपऱ्यात शिपाई. एवढ्यांत ती एकटी बाई. काशिरामने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. भाऊसाहेबांनी मात्र वही उघडताना मान लववून नमस्कार केला. तो नमस्कार तिला लागला. त्यांच्या जागी ती असती तर तिने केला नसता.

अंगणवाडीच्या कौलांचा विषय झाला. दिवाबत्तीचा झाला. वेणूला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण प्रत्येक ठराव झाला की ती म्हणायची, "वाचून दाखवा," आणि भाऊसाहेब वाचून दाखवायचे. काशिराम घड्याळ बघत होता.

"ऐनवेळचे विषय काही आहेत?" भाऊसाहेबांनी विचारलं. ते दर वेळी विचारायचे आणि कुणीच कधी उत्तर द्यायचं नाही.

"हाय," वेणू म्हणाली. ती उठून उभी राहिली. लग्नात शंभर माणसांपुढे गाणारी बाई, पण इथे तिने वहीकडे बघूनच बोलायला सुरुवात केली. "रस्त्याखालचा पाईप. तो काढून मोठा टाका, आन् खाली टाका. उधान आत येल असा."

"तो विषय संपला, वेणू," काशिराम म्हणाला. "कंपनीचं काम आहे ते. आपल्या हातात काही नाही."

"नसंल. लिवा तरी."

"लिहून काय होणार?"

"ते मना नाय म्हाईत," वेणू म्हणाली. "नाय लिवल्यावर काय होतं ते म्हाईत हाय."

भाऊसाहेबांनी पेन उचललं. काशिराम काही बोलायच्या आत त्यांनी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेले. "खारजमिनीस भरतीचे पाणी मिळण्यासाठी रस्त्याखालील पाईप बदलून योग्य पातळीवर टाकण्यात यावा. सूचक, सौ. वेणू भगवान कडू." ते थांबले. "अनुमोदक?"

वेणूला समजलं नाही.

"अजून एक जण लागतो, ताई. तुमच्या म्हणण्याला दुजोरा देणारा. नाहीतर ठराव मांडताच येत नाही."

वेणूने सतरंजीवर नजर फिरवली. काशिरामचे भाऊ खाली बघत होते. सदस्य खाली बघत होते. शिपायाला मत होतं की नाही देव जाणे, तो उठून बाहेर गेला. भगवान कामावर होता, रस्त्यावर. एकोणचाळीस घरं आपापल्या जागी होती. ती अशी घरात बसायला तिनेच शिकवली होती, आणि ती शिकवलेलं विसरणारी माणसं नव्हती. ती उभीच राहिली.

"कुणी नाही," काशिराम म्हणाला. "घ्या, आभार माना."

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. ते दाराकडे बघत होते.

दारात कृष्णाबाई चप्पल काढत होती. वाकता येत नव्हतं म्हणून भिंतीला हात लावून एकेका पायाने काढत होती, आणि त्याला वेळ लागत होता. सगळे तिची चप्पल निघेपर्यंत थांबले. मग ती आत आली, वेणूशेजारी सतरंजीवर हाताचा टेका घेऊन बसली, आणि तिने वेणूचा पदर खाली ओढला, बस म्हणून.

"मी भायेरच होते, शिपाय बोल्ला कोनीतरी लागतंय," ती म्हणाली. "मी चालंल का?"

"चालेल, आजी. अनुमोदक म्हणून तुमचं नाव लिहितो."

कृष्णाबाईने वहीकडे बघितलं, भाऊसाहेबांकडे बघितलं, काशिरामकडे बघितलंच नाही. मग ती वेणूकडे झुकली आणि हळूच म्हणाली, पण रिकाम्या समाजमंदिरात ते सगळ्यांना ऐकू गेलं, "ते म्हंजे काय कराचं अस्तं गो?"

"काय नाय काकी," वेणू म्हणाली. "येऊन बसाचं."